स्वयंपाकघरातली हवा कोण मोजणार?

थळमध्ये बायकांच्या बैठकीत प्रदूषणाचा विषय काढला की बोट लगेच खत कारखान्याकडे जाते. १९८५ पासून चालणाऱ्या या कारखान्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्या हवेसाठी निदान कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. चुलीच्या धुरासाठी काय आहे? २००९ ची राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेची. उंबऱ्याच्या आत शिरली की हवा ही ‘घरगुती बाब’ होते. एके काळी मारहाणीलाही हेच नाव होते, हे आपण विसरलेलो नाही.

घरातली हवा मोजता येते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर पंप लावून धूर मोजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. विडीला कधी हात न लावलेल्या बायकांची फुप्फुसे निकामी होतात, त्याचे हे एक मोठे कारण.

उज्ज्वला योजनेने प्रश्न सुटला, असे सांगितले जाते. २०१६ पासून बाईच्या नावाने गॅसजोडणी मिळू लागली, हे चांगलेच झाले. पण सिलिंडर भरायचे पैसे कोणाच्या हातात? चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, हे आपल्या कोकणात नवे नाही. पावसाळ्यात लाकडे, झावळ्या ओल्या. झडीमुळे दारे-खिडक्या बंद. वर डासांसाठी कॉइल. कागदावर मात्र ते घर धूरमुक्त!

म्हणून पाहणी आपणच सुरू करावी असे मला वाटते. यंत्रे येतील तेव्हा येतील. गटातल्या दोघीदोघींनी घरोघर जाऊन विचारावे: धूर बाहेर जायला वाट कुठे आहे? वर्षात सिलिंडर किती वेळा भरला? खोकला, डोळ्यांची आग कोणत्या वेळी वाढते? माहेरी गेल्यावर किंवा दिवसभर बाजारात मासळी विकायला बसल्यावर कमी होते का? होत असेल, तर आधी घर तपासावे. ‘तुझी प्रकृतीच नाजूक’ म्हणून तिला गप्प बसवू नये.

ही उत्तरे ग्रामसभेत, आरोग्य केंद्रात मांडावीत. घरकुलाच्या आराखड्यात धुराडे आणि समोरासमोर खिडक्या मागाव्यात, परवडणारा सिलिंडर मागावा. घर बांधताना खिडकी कुठे ठेवायची, हे तिथे रोज राबणारीला आजवर कोणी विचारले नाही. आता तिनेच सांगायला हवे.