भिंतीवरून परत उतरणारा माणूस

जॉन ल कारे यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) वाचून संपवल्यावर माझे एक स्नेही चिडून म्हणाले, “पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं.” एवढी फरफट करून लेखक ब्रिटिश हेर लीमस आणि त्याची प्रेयसी लिझ यांना बर्लिनच्या भिंतीपर्यंत आणतो, सुटका हातभर अंतरावर ठेवतो आणि तिथे दोघांनाही मारतो. हा अंधार कथेतला नाही, लेखकाने वरून ओतलेला आहे, असा त्यांचा आक्षेप.

मला तो मान्य नाही. पूर्व जर्मन हेरखात्यातला मुन्ट हा ब्रिटिशांचाच माणूस आहे, हे तोपर्यंत लिझला कळलेलं असतं. साम्यवादी पक्षाची सभासद असलेली, ग्रंथालयात काम करणारी ही मुलगी ते गुपित घेऊन लंडनला परतणं कुणालाच परवडणारं नसतं. ती सुखरूप भिंत ओलांडती, तर आधीची सगळी कादंबरी खोटी पडली असती.

आणि हा प्रसंग भडक तरी कसा म्हणावा? १७ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा वर्षांचा पीटर फेख्टर मित्राबरोबर हीच भिंत चढत होता. मित्र पलीकडे पोचला. फेख्टर गोळी लागून पूर्वेच्या बाजूला कोसळला आणि सुमारे तासभर रक्तबंबाळ पडून राहिला. पश्चिमेकडच्या पोलिसांनी बँडेजं फेकली, पण जवळ कुणी गेलं नाही. कादंबरी आली ती पुढच्याच वर्षी.

एक गोष्ट मात्र स्नेह्यांच्या बाजूने सांगायला हवी. लिझला लेखकाने फार भाबडी ठेवली आहे. तिला स्वतःचं मत, स्वतःचा संताप आणखी मिळायला हवा होता.

पण शेवट काळा म्हणणाऱ्यांना फीडलर आठवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कादंबरीतला काळोख भिंतीपाशी नाही, त्याच्या आधीच्या न्यायसभेत आहे. मुन्टविषयी खरं बोलणारा, त्याच्याच हाताखालचा ज्यू अधिकारी फीडलर तिथे देशद्रोही ठरतो, ज्यूंचा द्वेष करणारा मुन्ट सुटतो, आणि हे घडवण्यासाठीच लंडनने आपल्याला पाठवलं होतं, हे लीमसच्या ध्यानात येतं. पूर्ण हरतो तो तिथे.

भिंतीवर तो हरत नाही. माथ्यावर बसलेल्या त्याला पलीकडून उडी मारायला सांगतात. तेवढ्यात ब्रिटिश हेरखात्यातला स्माइली मुलीची चौकशी करतो. लीमस खाली पाहतो, लिझ निपचित पडलेली असते. तो पूर्वेकडे उतरतो आणि तिच्याशेजारी उभा राहतो. सबंध पुस्तकात लंडनने आधी आखून न ठेवलेलं त्याचं हे एकच पाऊल. स्नेही याला आत्महत्या म्हणतात. मी ते पान तीनदा वाचलं आहे, आणि तिन्ही वेळा तो खाली उतरू लागला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.