मूळ रंगाचा मान

जुनी मोटार हाती येताच तिचा रंग खरवडून काढावा, पोचे ठोकून लांबी भरावी, वर प्रायमर चढवावा आणि नव्या झळाळीत तिला पुन्हा रस्त्यावर आणावे, ही रीत आपल्या गॅरेजांत इतकी रुळलेली आहे की, या साऱ्या खटाटोपापूर्वी गाडीस नीट धुवून, पुसून, घोटून तिच्या अंगी अद्याप काय शिल्लक आहे ते पाहावे, हा विचार फारसा कुणाच्या मनास शिवतही नाही. माझे म्हणणे असे आहे की, जीर्णोद्धारात पहिला मान स्वच्छतेचा असून, मूळ रंग वाचविण्याचे सर्व उपाय थकल्याखेरीज नव्या रंगाचा डबा उघडूच नये. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण अशी गाडी हौसेने घेतली जाते, आणि संसार वाढला अथवा प्रकृती कुरकुरू लागली की दोनच माणसांची सोय असलेले ते वाहन सर्वांआधी अडगळीत जाऊन पडते.

कारखान्यात चढलेला रंग हा वाहनाच्या जन्माचा अस्सल दस्तऐवज होय. त्या काळची रंगद्रव्ये कोणती होती, फवाऱ्याने पृष्ठभागावर कसा पोत उमटत असे, दाराच्या आतल्या कडेला कामगाराचा हात किती आखडता फिरे, एखाद्या बाजूस पूर्वी अपघात होऊन पत्रा बदलला आहे काय, या सर्वांची नोंद त्या पातळ थरात असते, आणि खरकागद एकदा फिरला की ती नोंद कायमची नाहीशी होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या फिवाने, आपल्या तुरीनच्या सनदेत जतनास जे महत्त्व दिले, ते याच विचारातून होय. आणि ही सनद रचताना महासंघापुढे आदर्श होता तो वास्तूंच्या संरक्षणासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा.

आपणा मराठी वाचकांना या विचाराची सत्यता पटविण्यास व्हेनिसपर्यंत जाण्याची वस्तुतः गरज नाही. अजिंठ्याची चित्रे भिंतींवरून सुटू लागली, तेव्हा निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेकोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी पोपडे पुष्कळ काळजीने जागच्या जागी बसविले, परंतु चित्रांवर लाखेचे जे वॉर्निश चढविले ते कालांतराने पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी बसली आणि खालचे रंग दिसेनासे झाले. ते वॉर्निश उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्यास पुढे अनेक वर्षे पुरले. मोटार आणि अजिंठा यांची योग्यता एक नव्हे, हे मी जाणतो. तथापि जुन्या वस्तूवर नवे काही चढविण्यापूर्वी हात आखडता घ्यावा, हा धडा दोहींकडे सारखाच लागू आहे.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्याने १९९० सालची लाल माझदा मियाटा घेतली, तेव्हा माझा मुक्काम तिकडेच असल्यामुळे हे काम जवळून पाहण्याचा योग मला लाभला. हिरोशिमाच्या कंपनीची ही छोटी, उघड्या टपाची गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम जगापुढे आली. वजन सुमारे हजार किलो, इंजिन अवघे १.६ लिटरचे, मिटणारे व उघडणारे दिवे, आणि चालविण्यात विलक्षण गोडी. पुढे जगात सर्वांत अधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार म्हणून हिच्या वंशाची ख्याती झाली. परंतु माझ्या स्नेह्याची गाडी अनेक वर्षे एका घरामागे झाडाखाली उभी होती. लाल रंग उन्हाने विटून खडूसारखा गुलाबी झालेला, खिडक्यांच्या रबरांत हिरवे शेवाळ धरलेले, टपाची मागची प्लॅस्टिकची काच पिवळसर व अंध झालेली. शेजारपाजारच्या जाणत्यांचा एकमुखी सल्ला पडला की, गाडी थेट रंगास टाकावी.

त्याने तसे केले नाही. प्रथम पाण्याची धार सोडून सुटी माती वाहू दिली, मग फेस मारून तो मुरू दिला, आणि त्यानंतरच एका बादलीत साबणाचे व दुसरीत नितळ पाणी घेऊन, हातमोजा प्रत्येक खेपेस नितळ पाण्यात पिळून, टपाकडून खाली अशा क्रमाने धुण्यास आरंभ केला. कारण रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुतांशी निष्काळजी धुण्यानेच पडलेले असतात. चाकांवर लोहकण विरघळविणारे द्रावण मारताच ब्रेकच्या भुकटीचे जांभळे ओघळ वाहू लागले. तेवढ्याने संपले नाही, तेव्हा क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी ती मऊ वडी, ओलसर पत्र्यावरून फिरवून रंगात रुतलेले कण उचलून घेतले. तळहातास आधी जो खरखरीतपणा जाणवत होता तो जाऊन पृष्ठभाग काचेसारखा लागू लागला.

यापुढे हातात पॉलिशरऐवजी रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आले, आणि सबंध कामातील शहाणपणाचा भाग मी हाच मानतो. कारखान्याच्या रंगाचे सारे थर मिळून साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यातून प्रत्येक घोटणीस थोडे झिजणारच. एखाद्या ठिकाणी आकडा एकाएकी तिप्पट दिसला, तर खाली लांबी आहे असे बेलाशक समजावे. मियाटाचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असल्यामुळे केवळ लोखंडावर चालणारे चुंबकी यंत्र तेथे मुके राहते, सबब दोन्ही धातू ओळखणारे यंत्र आणावे लागले. शिवाय हा लाल रंग एकेरी थराचा, वरून पारदर्शक लॅकर नसलेला. म्हणून घोटताना फडके लाल होते. लॅकर असलेल्या गाडीवर फडक्यास रंग लागणे ही धोक्याची सूचना असते, येथे मात्र मेलेला थर निघत असल्याची ती खूण होती.

डिकीच्या झाकणावर चारी बाजूंनी टेप लावून वीतभर चौकोन आखला, तेथे तेलयुक्त पॉलिश हाताने चोळून रात्रभर जिरू दिले, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पॅड लावून यंत्र मंद गतीने फिरविले. टेप काढला तेव्हा त्या गुलाबी झाकणावर गर्द लाल रंगाचा एक स्वच्छ चौकोन उमटला होता. ज्या रंगास सर्वांनी मृत ठरविले होते, तो एका पातळ, करपलेल्या पापुद्र्याखाली सुखरूप होता. मग कडांवर व उंचवट्यांवर, जेथे रंग मुळातच विरळ असतो, टेप लावून, सौम्यात सौम्य पॉलिशने काम पुढे नेले. नाकाडावरील खड्यांचे टवके आणि दारावरचा एक खोल ओरखडा त्याने मुद्दाम तसेच ठेवले, कारण ते घालविण्यास जेवढा रंग खर्ची पडला असता तेवढा शिलकीत नव्हता.

झळाळीपेक्षाही मोठा लाभ झाला तो निराळ्याच ठिकाणी. या गाडीत टपावरचे पाणी आसनांमागील दोन निचरा-नळ्यांतून खाली जाते. त्यांत पाने व माती अडकली की पाणी आतच तुंबते, आणि मागच्या चाकांपुढील दाराखालची पट्टी आतून गंजत जाते. कोपरा न् कोपरा साफ करण्याच्या निश्चयाने त्याने लवचीक तार घालून त्या नळ्या मोकळ्या केल्या, तेव्हा काळ्या चिखलाचा बोळाच बाहेर पडला. गाडी थेट रंगास गेली असती, तर वरून नवी दिसणारी ती पट्टी आतून कुजतच राहिली असती.

यावर असा आक्षेप येईल की, ही चैन परदेशात परवडते. आपल्या हवेत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात मूळ रंग टिकावा कसा? पत्र्यास गंजाने भोके पडली असतील, तर तेथे कापून जोडकाम करणे व रंग देणे भागच आहे, आणि त्यास माझा विरोध नाही. परंतु तेवढ्या भागासाठी सबंध गाडीचा रंग उतरविणे हा अन्याय आहे. आपले रंगारी व पत्र्याचे कारागीर हातचे कुशल आहेत. मालकाने ‘नवी करून द्या’ असा हुकूम सोडण्याऐवजी ‘आहे ते वाचवा’ असे सांगितले, तर तेही काम ते उत्तम करतील, याविषयी मला शंका नाही.

आपल्याकडेही जपण्यासारखे आहे. गोव्यात १९९८ च्या सुमारास निघालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची, रेनोच्या ११४९ सी.सी. इंजिनाची दोन आसनी गाडी हा भारतीय स्पोर्ट्‌स कारचा एक धाडसी प्रयत्न होता. फायबरग्लास गंजत नाही, परंतु उन्हाने त्यावरचा रंगही निस्तेज होतोच, आणि निस्तेज रंग पाहून खरकागद हाती घेण्याचा मोह तेथेही होणारच. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांस व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली, हे योग्यच झाले. याच न्यायाने जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांतील परीक्षकांनी मूळ रंगासही गुण द्यावेत, आणि अमेरिकेतील पेबल बीच येथे जसा जतन केलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो तसा प्रत्येक ठिकाणी ठेवावा. मालकांस विनंती एवढीच की, रंगाचा दर ठरविण्यापूर्वी जाडी मोजून घ्या आणि एक वीतभर जागा घोटून पाहा. १९९८ च्या स्टॉर्मला पन्नास वर्षे २०४८ साली पूर्ण होतील. तोवर तिचा रंग अस्सल राहावा असे वाटत असेल, तर निगेस आरंभ येत्या पावसाळ्यापूर्वीच करावयास हवा.