शिक्षा संपली, पुढे?

बारवी धरणाकडे सहलीला निघालेल्या आमच्या मंडळींत वाद पेटला : तुरुंग भोगलेल्या खेळाडूला पुन्हा मैदान द्यावे काय? वहिनी म्हणाल्या, "मुळीच नाही!"

पाकिस्तानचा महंमद आमीर मुद्दाम नोबॉल टाकल्याबद्दल २०११ साली इंग्लंडात कैदेत गेला. २०१६ साली पुन्हा देशाकडून खेळला. उलट आपला मुंबईकर फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण! आयपीएलच्या स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात २०१३ साली अटक, २०१५ साली न्यायालयाकडून आरोपमुक्त. तरी बोर्डाची तहहयात बंदी कायम. ती सात वर्षांवर आणल्याचे कळले २०२१ साली, म्हणजे सात वर्षे उलटून गेल्यावर!

बोर्डाने आपल्या नियमांनी खुशाल शिक्षा करावी. पण तिची मुदत पहिल्याच दिवशी सांगावी. ती सरली की संघात जागा नको, निवडचाचणीला तेवढे उभे राहू द्यावे. चव्हाण तोवर पस्तिशीला पोचला होता.