परदेशातून आलेला घटस्फोट आणि आपल्या लेकी

समुपदेशनासाठी आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये मागच्या काही वर्षांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. हुंडा, दारू, मारहाण हे जुने विषय आहेतच. आता आईवडील मोबाइलवर आलेली इंग्रजी पीडीएफ घेऊन येतात. मुलगी लग्न करून अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेली, तिथे पटले नाही, 'थोडे दिवस माहेरी राहून ये' म्हणून तिला पाठवून दिले आणि मागोमाग तिथल्या कोर्टाचा कागद आला. वडिलांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, आमच्या पोरीचं लग्न मोडलं का?"

आपल्या समाजाची मुले शिष्यवृत्ती मिळवून, आयटीत नोकरी करून परदेशात पोहोचली, याचा अभिमान आहेच. पण दोन देशांचे दोन कायदे एकाच लग्नावर हक्क सांगू लागले की काय होते, याची माहिती मात्र आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही.

आधी मूळ मुद्दा. मंगल परिणय त्रिशरण-पंचशील घेऊन, बौद्ध पद्धतीने झाला तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ नुसार तो कायदा बौद्धांनाही लागू होतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे आणि ती आम्हालाही रास्त वाटते. परंतु तो होईपर्यंत भारतातले न्यायालय आपल्या लग्नाकडे याच कायद्यातून पाहणार. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले असेल तर तो कायदा लागू होतो.

मग परदेशी कोर्टाच्या हुकुमाचे काय? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ सांगते की परदेशी निकाल साधारणपणे निर्णायक मानावा, पण सहा अपवाद सोडून. कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल गुणदोषांवर दिला नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही, फसवणूक झाली, हे त्यातले महत्त्वाचे.

या अपवादांना जीव दिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी, आणि दोन्ही मराठी न्यायमूर्तींनी लिहिलेले आहेत. पहिला १९७४ चा, न्या. यशवंत चंद्रचूड यांचा. जालंधरमध्ये लग्न झालेला नवरा शिकायला अमेरिकेत गेला. नेवाडा राज्यात आपण राहतो असे खोटे सांगून त्याने तिथून घटस्फोट आणला. इकडे दोन मुलांना घेऊन पत्नी पोटगी मागत होती. उच्च न्यायालयाने नवऱ्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र फसवून मिळवलेला हुकूमनामा मानायला नकार दिला.

दुसरा निकाल ९ जुलै १९९१ चा, न्या. पी. बी. सावंत यांचा. लग्न तिरुपतीला, घटस्फोट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, पत्नीच्या गैरहजेरीत. नवऱ्याने दुसरे लग्नही केले. न्यायालयाने नियम घालून दिला: ज्या कायद्याखाली लग्न झाले, तो कायदा ज्या कोर्टाला अधिकार देतो त्याच कोर्टाचा घटस्फोट भारतात मानला जाईल, आणि तोही त्याच कायद्यातल्या कारणावर. अपवाद तीन. एक, जोडीदार कायमचा तिथे राहत असेल, दावा तिथेच असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातले असेल. दोन, दुसऱ्या बाजूने स्वखुशीने तिथे हजर राहून मूळ दाव्यावर लढत दिली असेल, आणि कारण आपल्या कायद्यातले असेल. तीन, तिने घटस्फोटाला संमती दिली असेल.

आता खरी अडचण पाहा. 'संसार मोडला आहे, सावरणार नाही' एवढ्या कारणावर अमेरिकेतल्या राज्यांत घटस्फोट मिळतो. इंग्लंडमध्येही एप्रिल २०२२ पासून जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. आपल्या कायद्याच्या कलम १३ मध्ये हे कारण नाही. म्हणून तिथे घटस्फोटित आणि इथे विवाहित, असे लंगडे लग्न उरते. नवरा तिथे मोकळा होतो. मुलीने इथे पुन्हा लग्न केले तर द्विभार्या-द्विपतीबंदीचा गुन्हा तिच्याच अंगावर येऊ शकतो. कायदा तिची पोटगी राखतो, पण तिचे आयुष्यही अडकवून ठेवतो. आमच्या अनुभवात घरचे लोक यातला पहिला भाग ऐकून निर्धास्त होतात, दुसरा वर्षानुवर्षे भोगावा लागतो तो मुलीला.

म्हणून पीडीएफ हातात पडताच दोन चुका टाळायच्या. पहिली, घाबरून संमतीच्या कागदावर सही करणे. सही झाली की तिसरा अपवाद लागू होतो. दुसरी, कागद कपाटात ठेवून गप्प बसणे. १९९१ च्या प्रकरणातल्या पत्नीने लेखी उत्तर पाठवले होते, पण 'या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही' असा निषेध नोंदवून. तेच तिच्या कामी आले. नोटीस कशी आली हेही बघा. नोटिसा बजावण्याबाबतच्या हेग करारात भारत आहे, आणि परदेशातून थेट टपालाने बजावणी करण्यास भारताने हरकत नोंदवली आहे. तो कागद कायदा मंत्रालयामार्फत यायला हवा. उत्तर मात्र वकिलाच्या सल्ल्यानेच द्या.

मुलीला स्वतः मोकळे व्हायचे असेल तर वाट इथेच आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार तात्पुरत्या राहण्याच्या ठिकाणीही दाद मागता येते. परंतु इथला पोटगीचा हुकूम अमेरिकेतल्या पगारापर्यंत पोहोचवणे फार कठीण आहे. मुलांचा प्रश्न त्याहून नाजूक. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. आपली न्यायालये मुलाचे हित प्रथम पाहतात. पण मूल घेऊन आलेल्या आईवर तिकडे वॉरंट निघू शकते.

या विषयावर भारतात एकसंध कायदा नाही, सगळा भार न्यायनिर्णयांवर आहे. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात सर्वंकष कायदा आणि सक्तीची नोंदणी सुचवली. त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना जाब विचारला पाहिजे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या कौटुंबिक हक्काचा प्रश्न किती मोठा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तोवर विहारांनी आणि बौद्धाचार्यांनी एक काम हाती घ्यावे. विहाराचे प्रमाणपत्र जपून ठेवा, पण राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची सरकारी नोंदणी करून घ्या आणि मुलगी परदेशी जाण्याआधी त्या दाखल्यावर अपोस्टिल घ्या. स्थळ परदेशातले असेल तर मुलाची नोकरी, पत्ता, व्हिसा, आधीचे लग्न यांची चौकशी करा. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि बँकेच्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवा. निघताना साडी-दागिन्यांची यादी आपण दहादा तपासतो, त्यात ही चार कागदांची यादीही असू द्या.