गुळातली गोळी आणि टायफॉईडची लस

मैत्रिणींनो, पावसाळा आला की आपल्या उल्हासनगर-अंबरनाथकडे पुष्कळ घरांतून एकच काळजी असते. ताप उतरत नाही, टायफॉईड तर नसेल? मग पुढचा प्रश्न : बाळ जेमतेम वर्षाचं, त्याला टायफॉईडची लस चालेल का? पूर्वी ‘दोन वर्षांचं होऊ द्या’ असं सांगत. आता एवढं थांबावं लागत नाही. का, ते पाहू या.

कडू गोळी आपण गुळात लपवून मुलांना देतो ना? टायफॉईडचा जंतूही तेच करतो! साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचं वेष्टण तो अंगाभोवती घेतो. (आपल्या डब्यातली साखर नव्हे हं, तिच्या गोतावळ्यातली!) रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, पण या वेष्टणामुळे आतला शत्रू त्यांना चटकन ओळखू येत नाही.

जुनी लस नुसत्या या साखरेची. पहारेकऱ्यांतल्या ‘टी’ पेशींना प्रथिनं ओळखता येतात, अशी साखर नाही. त्यांची मदत मिळाली नाही की शत्रूची आठवण टिकत नाही. म्हणून ती लस तान्ह्यांना उपयोगी पडत नसे, आणि मोठ्यांनाही तीन वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी लागे. शास्त्रज्ञांनी मग युक्ती केली. तीच साखर धनुर्वाताच्या लशीतल्या निर्धोक प्रथिनाला जोडली. प्रथिन दिसताच टी पेशी मदतीला धावतात आणि साखरेचीही ओळख पक्की होते. ही नवी लस ६ महिन्यांच्या बाळालाही देता येते.

आपल्या शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी मोहिमेत ही लस देण्याचा मान जगात पहिल्यांदा तिला मिळाला!

तेव्हा आजच बाळाचं लशीचं कार्ड काढून बघा. नोंद नसेल तर डॉक्टरांना ‘टायफॉईड कॉन्ज्युगेट’ असं नाव घेऊन विचारा. मात्र लस झाली म्हणून पाणी उकळणं सोडू नका. कावीळ, जुलाब, पॅराटायफॉईड यांना ती अडवत नाही. पाणी चांगलं खळखळ उकळू द्या, झाकून ठेवा, आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवायला विसरू नका.