नवा मोडेम घेण्याआधी वायर तपासा



गेल्या महिन्यात आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला, "नेट फार स्लो आहे, वर्गणी काढून मोठा प्लॅन घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "दोन दिवस द्या. आधी वायर कुठून कुठे जाते ते बघू." एक पालक हसलेच. पण मला २००४ सालचा दहावीच्या निकालाचा दिवस आठवत होता. तो आज तुम्हाला सांगते.

डीएड झालं होतं, नेमणूक मिळाली नव्हती. तालुक्याच्या गावी एका छोट्या कार्यालयात मी कॉम्प्युटरवर काम करत होते. तिथे दोन टेलिफोन लाइन आणि भिंतीवर एक ईपीएबीएक्सचा डबा. प्रत्येक टेबलावर फोन. आतल्या आत दोन आकडी नंबर फिरवायचा, बाहेर बोलायचं तर आधी शून्य. कॉम्प्युटरचा मोडेमही अशाच एका एक्स्टेन्शनला जोडलेला.

मोडेमच्या खोक्यावर ५६ के लिहिलेलं होतं. जोडणी झाली की स्क्रीनवर आकडा यायचा २८.८. दुकानदार म्हणाला, "मोडेम जुना झाला, नवा घ्या." साहेबांनी नवा घेतला. आकडा तोच!

निकालाच्या दिवशी पालक बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन दारात उभे. पान अर्ध्यावर आलं की लाइन तुटायची. साइटवर गर्दी होतीच, ती आपल्या हातात नव्हती. पण आमची लाइनही साथ देत नव्हती. मजुरी बुडवून आलेली एक आई दुपारपासून संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होती. तिच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटत होती.

शेवटी दुसऱ्या कामासाठी आलेल्या लाइनमनकाकांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, मोडेम डब्याच्या मागे का लावलाय? बाहेरून येणारी लाइन थेट मोडेमला द्या. आणि त्या लाइनचं कॉल वेटिंग बंद करा." दहा मिनिटांचं काम. त्यानंतर आकडा आला ४८. त्या आईच्या मुलीचा निकाल मिळाला. पास झाली होती.

असं का झालं? हे समजून घेण्यासारखं आहे, आणि सातवीच्या मुलांनाही सांगता येतं.

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली. ती साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचवते. डिजिटल एक्स्चेंज त्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटचा. गुणाकार करा, ६४,००० बिट. १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० पद्धतीने याचाच फायदा घेतला. इंटरनेट देणाऱ्याकडून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत माहिती अंकांतच येते आणि आवाजात फक्त एकदाच, शेवटच्या टप्प्यात बदलते. म्हणून उतरवून घेण्याचा वेग ५६ के पर्यंत जाऊ शकतो. पाठवण्याचा मात्र ३३.६ केच.

आता मध्ये डिजिटल ईपीएबीएक्स आला की तो आवाज पुन्हा अंकांत बदलतो आणि पुन्हा आवाजात. म्हणजे भाषांतराचं परत भाषांतर! मूळ मजकूर थोडा तरी बिघडणारच. मग मोडेम ५६ केचा हट्ट सोडून ३३.६ के किंवा त्याखाली येतो. कॉल वेटिंगची पिप वाजली तर जोडणीच तुटू शकते. यात मोडेमचा काय दोष?

वर्गात हे गणित जरूर घाला. १० लाख बाइटचा फोटो म्हणजे ८० लाख बिट. २८,८०० च्या वेगाने सुमारे ४ मिनिटं ३८ सेकंद, ४८,००० च्या वेगाने सुमारे २ मिनिटं ४७ सेकंद. जवळजवळ दोन मिनिटांचा फरक, आणि तोही फुकट.

अगदी फुकट नाही, हेही खरं. ती लाइन इंटरनेटला दिली की तेवढा वेळ तिच्यावर फोन येत नाही. साहेब कुरकुरले. मग आम्ही शाळेसारखं वेळापत्रक केलं. दुपारी एक ते दोन लाइन इंटरनेटची, बाकी वेळ फोनची. आयएसडीएन घेतली असती तर ६४ केचे दोन मार्ग मिळाले असते, एकावर फोन, एकावर इंटरनेट. पण त्या कार्यालयाला ते परवडणारं नव्हतं. आहे त्यात वेळापत्रक बसवलं, काम भागलं.

पुढे फोनच्या तारेवरूनच ब्रॉडबँड आलं, तेव्हाही बऱ्याच जणांनी तीच चूक केली. लाइन आधी स्प्लिटरला, तिथून एक वायर मोडेमला आणि दुसरी ईपीएबीएक्सला, असा क्रम हवा. मोडेम एक्स्टेन्शनला लावला की जोडणीच होत नाही. मग तक्रार, नवा मोडेम, पुन्हा खर्च.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. शाळेत किंवा घरी काही हळू चाललं तर पहिला प्रश्न "नवं कधी घ्यायचं?" हा नसावा. "वाटेत काय काय आहे?" हा असावा. कागदावर चित्र काढा. लाइन कुठून येते, मध्ये किती डबे, शेवटी काय. मुलांनाच काढू द्या. एकेक डबा बाजूला करून पुन्हा मोजायला लावा. विज्ञानाचा प्रयोग यापेक्षा वेगळा काय असतो?

आमच्या शाळेत काय निघालं? राउटर चोरीच्या भीतीने लोखंडी कपाटात कुलूपबंद होता! तो बाहेर काढून भिंतीवर उंच लावला. वर्गात व्हिडिओ न थांबता चालू लागला. वर्गणी काढावी लागली नाही.

ते पैसे पालकांचे होते. कुणाची तरी एका दिवसाची मजुरी त्यात होती. ती मागण्याआधी वायर तपासणं हे आपलं कामच आहे, नाही का?