‘माइंडसेट’ कुणाचा बदलायचा?



आमचं नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. गाडीची सूचना तिथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत देतात. तालुक्यातल्या कितीतरी घरांत बोलली जाणारी मावची त्या चारांत नाही. आमच्या गटातल्या बहुतेक मुली मराठीच शाळेत गेल्यावर शिकल्या. इंग्रजी तर त्याच्याही पलीकडची. तरी गेल्या वर्षी त्यांनीच हट्ट धरला, “ताई, इंग्रजीचा वर्ग घ्या.”

त्याला निमित्त झालं एका मुलाखतीचं. बारावी झालेली एक मुलगी सुरतेकडे नोकरीसाठी गेली होती. हिशेबाचे प्रश्न तिने बरोबर सोडवले. शेवटी समोरचे साहेब म्हणाले, “तुझा माइंडसेट बदल, मग ये.” तिने तो शब्द तळहातावर देवनागरीत लिहून आणला आणि मला विचारलं, “ताई, हे काय असतं? आणि माझं कुठे बिघडलंय?”

मी अर्थ सांगितला. कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं याच नावाचं पुस्तक २००६ साली आलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असं मानणारी व्यक्ती अपयशाने खचते. मेहनतीने आणि योग्य शिकवणीने ती वाढते असं मानणारी व्यक्ती पुन्हा प्रयत्न करते. म्हणजे ही कल्पना मुळात शिकवणाऱ्यांना सावध करणारी होती की, कुणावर ‘ढ’ असा शिक्का मारू नका. मुलाखतीच्या टेबलावर पोचेपर्यंत तिचाच शिक्का झाला.

वर्ग सुरू झाला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत वाटतात ती शब्दांची यादी आम्ही घेतली. कॉन्फिडन्स, मोटिव्हेशन, पोटेन्शियल, रेझिलिअन्स. ‘कम्फर्ट झोन’ या शब्दाशी गाडी अडली. मी म्हटलं, “सवयीची, सुखाची जागा. तिच्यातून बाहेर पडल्याशिवाय माणूस वाढत नाही.” ऊसतोडीला जाऊन आलेली एक मावशी मुलीसोबत येऊन बसायची. ती म्हणाली, “बाहेर पडायचं नंतर बघू बाई, आधी एकदा आत तर जाऊ द्या!” सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मीही हसले, पण यादी पुढे सरकेना.

आणि मग ‘सेल्फ-एस्टीम’ आला. म्हणजे स्वतःच्या नजरेत स्वतःची किंमत. हा शब्द ऐकून एका मुलीने माझ्या टेबलावरची जुनी फाईल ओढली. माझाच इंग्रजी अहवाल होता तो. त्यात तिच्या आईबद्दल मी एक ओळ लिहिली होती. बैठकांना येत नाही, कारण ‘लो सेल्फ-एस्टीम’. मुलीने अक्षरांवर बोट ठेवून ती ओळ वाचली आणि विचारलं, “ताई, आईत काय कमी आहे असं लिहिलंय?”

तिची आई त्या महिन्यांत बारडोलीकडच्या फडात ऊस तोडत होती. मुकादमाची उचल नवऱ्याने घेतली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे हिशेबात बाईची वेगळी मजुरीच नाही. बैठकीला ती येणार कशी? समाजकार्यात एम.ए. करताना शोषण, संरचना यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. अहवाल लिहिताना मात्र सोपा इंग्रजी शब्द हाताशी आला, आणि मी उचल, मुकादम, कोयता सगळं पुसून त्या बाईच्या मनातच खोट काढली. विशेष म्हणजे तो अहवाल तिला कधीच वाचता आला नसता. तिची मुलगी इंग्रजी शिकली म्हणून मी पकडले गेले.

शब्दाचा अर्थ कोण ठरवतं यावर बाईचा न्याय ठरतो, हे आपल्या चळवळीला नवं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे ‘कन्सेंट’ होता, असं मानून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहून विचारलं की, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती कशी? त्या प्रश्नावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. भांडण एका इंग्रजी शब्दाच्या अर्थाचं होतं. ज्या मुलीच्या आयुष्याचा तो प्रश्न होता, तिच्या भाषेत तो निकाल लिहिलाच गेला नव्हता.

म्हणून काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, “हे साहेबी शब्द कशाला शिकवता?” तेव्हा मला ते पटत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, तो उगीच नाही. ज्या भाषेत आपल्याविषयी लिहिलं जातं, ती भाषा आपल्याला वाचता आलीच पाहिजे. मुलाखतीत ते शब्द बोलताही आले पाहिजेत.

पण आत्मविश्वास आधी मनात तयार होतो आणि मग बाई घराबाहेर पडते, ही या यादीची समजूत मात्र आपण तपासू या. आमच्याच जिल्ह्यात, शहाद्याकडे, १९७२-७३च्या सुमाराला आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूचे मडके फोडले. त्यांना आधी कुणी मोटिव्हेशनचं व्याख्यान दिलं नव्हतं. शिबिरात एकमेकींचं ऐकलं, सगळ्या मिळून निघाल्या. धीर वाटेत वाढत गेला.

आता आमच्या वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने असतात. शब्दाचा अर्थ काय? आपल्या घरच्या बोलीत त्याला काय म्हणतात? आणि हा शब्द कोण कुणाला म्हणतं? तिसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. ‘माइंडसेट’पुढे त्या तळहातावाल्या मुलीने लिहिलंय, “साहेब मुलीला म्हणतो. मुलीनेही साहेबाला म्हणावा.” सध्या ती दुसऱ्या मुलाखतीची तयारी करते आहे.

त्या अहवालातली ओळ मी खोडली. तिच्या जागी उसाच्या हंगामाचे महिने लिहिले, उचल कुणी घेतली ते लिहिलं आणि बैठक हंगामानंतर घ्यावी अशी सूचना केली. मायलेकींना ते वाचून दाखवलं, आणि मगच सही केली.

तुमच्या संघटनेच्या अहवालांत बायकांबद्दल असे कोणते शब्द आहेत? एकदा त्यांच्याच समोर ते मोठ्याने वाचून बघा. काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.